आधी सांधा बघ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शहराच्या वाहतूक आराखड्याच्या कामात मेट्रोच्या गटात जावं, बसच्या, की पायी-सायकलच्या, या प्रश्नात तू अडकून पडली आहेस. खरं सांगतो, थोडा रागच आला. माणूस घराबाहेर पडतो तो मेट्रोसाठी नाही, बससाठीही नाही. त्याला पोहोचायचं असतं. म्हणून आधी सांधा बघ. एका गाडीतून उतरून माणूस दुसरीची वाट बघतो, ती जागा. थांब्यावर ताटकळलेला वेळ गाडीत बसलेल्या वेळापेक्षा जवळपास दुप्पट जड धरायचा, हे तू शिकली आहेस. मग तुमच्या आराखड्यात सांधा शेवटच्या प्रकरणात का?

स्वित्झर्लंडने 'बान २०००' हा रेल्वेसुधारणेचा आराखडा आखताना वेळापत्रक आधी ठरवलं, रूळ नंतर. मोठ्या स्थानकांवर गाड्या तासाच्या ठोक्याआधी जमाव्यात, प्रवाशांनी गाड्या बदलाव्यात आणि ठोक्यानंतर सगळ्या सुटाव्यात. त्यासाठी झ्यूरिक-बर्न प्रवास तासाच्या आत बसायला हवा होता, म्हणून मॅटस्टेटन-रोथ्रिस्ट हा नवा मार्ग बांधला. तो २००४ मध्ये सुरू झाला. वेग हवा होता तो गाठ पडण्यापुरता. त्याच वर्षी दक्षिण कोरियातल्या सोल शहराने बस आणि मेट्रोचं भाडं एकूण अंतरावर मोजायला सुरुवात केली. गाडी बदलली म्हणून पुन्हा पहिल्यापासून तिकीट नाही. जर्मनीतल्या हाम्बुर्गमध्ये तर १९६५ मध्येच वेगवेगळ्या वाहतूक संस्था एका संघात एकत्र आल्या होत्या.

'जोडणीचं नंतर बघू,' असं तुला ऐकवतील. मलाही ऐकवलं. एका स्थानकाचा नकाशा मी अडवून धरला होता, कारण बसथांबा रुंद रस्त्यापलीकडे ढकलला होता. मला अडेलतट्टू ठरवून ते काम काढून घेतलं आणि स्थानक तसंच बांधलं. ती सल अजून आहे. पण अडवलं ते बरोबरच केलं, आजही अडवीन. खांब एकदा उभे राहिले की सांधा हलत नाही.

गट कुठलाही घे गं, पण सांध्याला धनी कोण, हे पहिल्याच बैठकीत विचार. रेल्वेवाले म्हणतील बसवाल्यांचं काम, बसवाले म्हणतील रस्ते विभागाचं. तिथेच हटून बस. त्याआधी एकदा हातात जड सामान घेऊन रात्रीच्या शेवटच्या गाडीने तिथे उतर. किती जिने, किती चाल, पुढची बस आहे की निघून गेली, ते लिहून काढ. मग पत्र पाठव.