लाल-हिरव्या नकाशाचं काय करायचं: जरा लांबलेलं उत्तर

तालुकावार लसीकरणाचा नकाशा तुम्ही लाल-पिवळ्या-हिरव्यात केला, बैठकीत एका साहेबांना लाल कुठला नि हिरवा कुठला तेच कळेना, आता रंग कुठले घेऊ, असं विचारलंय. जुनं दुखणं वर आलं, म्हणून लांबण लावतोय.

रंगांधळेपणा म्हणजे काय वगैरे सोडून देतो. स्तंभालेखासाठी ओकाबे आणि इतो या जपानी संशोधकांचा आठ रंगांचा संच डोळे झाकून घ्या. त्यातली निळा-शेंदरी जोडी सगळ्यात भरवशाची. नकाशात कमी-जास्त दाखवायचं असतं, तिथे हा संच नको. एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्या, नकाशासाठी रंग सुचवणाऱ्या कलरब्रूअर या संकेतस्थळावर आयत्या मिळतात. पाचाच्या वर छटा नकोत, हे आपलं माझं मत.

आमचं घोडं अडलं ते एका कार्यालयात. (नाव घेत नाही, अजून कामं तिथूनच येतात.) निळ्या छटांचा नकाशा 'सिग्नलसारखा करा, वरती तसाच लागतो' असा शेरा मारून परत आला. अहो, उभ्या सिग्नलला लाल दिवा वरच असतो, म्हणून रंग न कळणाराही गाडी थांबवतो. नकाशात वरचा तालुका म्हणजे लाल, असं थोडंच आहे? पण दिला करून. मग त्याच अहवालाच्या प्रती त्यांनी काढल्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर! त्यांनीच ठरवून दिलेले लाल आणि हिरवा सारखेच गडद, त्यामुळे पहिला आलेला तालुका आणि सगळ्यात मागचा एकाच राखाडीत. 'आम्ही मागे कसे?' असे फोन पुढे असलेल्या तालुक्यांतून आले. दुरुस्तीपत्रक आमच्याकडून काढून घेतलं, छपाईही आमच्याच खिशातून.

तेव्हा आधी राखाडीत बघा. विंडोजच्या कलर फिल्टरमध्ये ग्रेस्केल आहे. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (वेबपानं तपासायची साधनं) रेंडरिंगखाली रंगदृष्टीदोषाचे प्रकारही लावून बघता येतात. ते अंदाजापुरतेच हां, मी काही नेत्रतज्ज्ञ नाही. तुमच्या बैठकीतल्या त्या साहेबांनाच नकाशा दाखवलात तर उत्तम.

तिरंगी नकाशाच हवा म्हणून अडून बसले, तर हिरवा निळसर आणि बराच गडद घ्या, लाल शेंदरीकडे न्या, आणि प्रत्येक तालुक्यात टक्केवारी छापा. गडद छटेवर आकडा पांढरा, फिकटवर काळा. पिवळी अक्षरं पांढऱ्यावर कुणी सांगितली तरी करू नका, प्रोजेक्टरवर गायबच होतात.