एका दवाखान्यात दाताच्या इम्प्लांटचे २२ हजार सांगितले, दुसऱ्यात ४५ हजार. एवढा फरक का?

बहुतेक वेळा हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नसतात, म्हणून दोन्हीकडून लेखी एस्टिमेट घ्या आणि हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचं अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा) आणि वरची कॅप यांचे पैसे वेगवेगळे लिहून मागा. मी दातांच्या दवाखान्यात बिलं करते. फोनवर सांगितलेला कमी आकडा पुष्कळदा नुसत्या स्क्रूचा असतो आणि कॅपचं बिल तीन-चार महिन्यांनी, हाडाने स्क्रू धरल्यावर समोर येतं. कॅप झिर्कोनियाची की मेटल-सिरॅमिकची, यानेही फरक पडतो. कंपनीचं नाव जरूर विचारा: स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर महाग, ऑस्टेमसारख्या कोरियन कंपन्या स्वस्त. इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो तुमच्या फाइलला लावून घ्याच. पुढे कधी अबटमेंट ढिलं झालं किंवा गाव बदललं, तर नव्या डॉक्टरांना नेमका तोच पार्ट मागवता येतो. डेंटल कॉलेजात खर्च बराच कमी येतो, फेऱ्या मात्र वाढतात. फक्त एक, सीबीसीटी स्कॅनच्या (जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेच्या) आधीचा कुठलाही आकडा अंदाजच समजा. हाड कमी निघालं तर बोन ग्राफ्टचा, म्हणजे तिथे हाड भरण्याचा, खर्च वर येतो, मग दवाखाना कुठलाही असो.