मक्याचा स्टार्च : पाणी का सुटतं, गुठळ्या का होतात?

प्रश्न : मक्याच्या साध्या स्टार्चने दाट केलेला आंबट सॉस उकळत ठेवला की पातळ होतो. फ्रीझरमधून काढला तर गोळा वेगळा आणि पाणी वेगळं. ‘मॉडिफाइड स्टार्च’ घातलेल्या सॉसचं तसं होत नाही. असं का?

उत्तर : हे दोन स्वतंत्र बिघाड आहेत, आणि दोन्हींवर एकच औषध लागू पडत नाही.

साध्या स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगतात आणि सॉस दाटतो. पुढे उष्णता, आम्ल आणि ढवळणं यांनी हेच फुगलेले कण फुटतात आणि सॉस पातळ होतो. ते टाळण्यासाठी क्रॉसलिंकिंग करतात, म्हणजे फॉस्फेट किंवा अ‍ॅडिपेटचे टाके घालून कणातल्या ग्लुकोजच्या साखळ्या एकमेकींना बांधतात. टाके अगदी विरळ लागतात, हजारेक ग्लुकोज घटकांमागे एखादाही पुरतो. टाके जास्त पडले तर कण फुगतच नाही आणि शिजवूनही स्टार्च तळाशी पांढऱ्या गाळासारखा बसतो.

पाणी सुटण्याला मात्र अमायलोज, म्हणजे स्टार्चमधल्या सरळ साखळ्यांचा भाग, जबाबदार. स्टार्चमध्ये ते सुमारे २५ टक्के असतं. गार झाल्यावर त्याच्या सरळ साखळ्या पुन्हा शेजारीशेजारी लागतात आणि मधलं पाणी पिळून काढतात. टाक्यांनी हे थांबत नाही. साखळीवर अ‍ॅसिटिल किंवा हायड्रॉक्सिप्रोपिल हे रासायनिक गट बसवले की ते मध्ये येतात आणि साखळ्यांना जवळ येऊ देत नाहीत. म्हणून तुम्हाला टाकेही हवेत आणि गटही : लेबलवर १४२२ किंवा १४४२ हा अन्न-मिश्रकाचा क्रमांक शोधा. वारंवार गोठवायचं असेल तर १४४२ अधिक भरवशाचा.

प्रश्न : प्रयोगशाळेत अ‍ॅसिटिलेशन करताना (स्टार्चवर असे गट बसवताना) स्लरीत, म्हणजे पाण्यात कालवलेल्या स्टार्चमध्ये, गुठळ्या होतात. गाळून वाळवलेल्या पावडरला व्हिनेगरचा वास येतो, आणि गुणधर्मही फारसे बदललेले दिसत नाहीत.

उत्तर : गुठळ्यांचं कारण बहुधा तीव्र कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड). थेंब पडतो तिथे कण थंडीतच फुगून चिकटतात. ३ टक्क्यांचंच द्रावण वापरा, आणि तेही ढवळणीच्या भोवऱ्यात सोडा.

प्रमाण असं ठेवा : १६२ ग्रॅम कोरडा स्टार्च, २२० मिली पाणी, तापमान २५ अंश. पीएच ८ वर आणून १०.२ ग्रॅम अ‍ॅसिटिक अनहायड्राइड थेंबथेंब घाला. एका हाताने अनहायड्राइड, दुसऱ्या हाताने कॉस्टिक, आणि नजर मीटरवर : पीएच ८ ते ८.४ च्या बाहेर जाता कामा नये. तुमचे गुणधर्म इथेच निसटत असावेत. पीएच ९ च्या वर गेला की बसलेले गट सुटू लागतात. फार खाली आला तर अनहायड्राइड स्टार्चला न लागता पाण्यातच संपतं. सगळं नीट जमलं तरी सुमारे ३० टक्के वाया जातंच. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ४.५ वर आणा, गाळा आणि धुवा.

वास म्हणजे धुणं अपुरं. एकदा पाणी ओतून भागत नाही. केक (गाळणीवर उरलेला ओला गोळा) पुन्हा पाण्यात कालवून गाळायचा, असं किमान तीनदा. ओला केक ५० अंशांच्या वर वाळवू नका, नाहीतर कण ओव्हनमध्येच शिजतील.

प्रश्न : आम्लाने ‘पातळ’ केलेल्या स्टार्चची जेली उलट जास्त घट्ट कशी लागते?

उत्तर : पातळपणा फक्त गरम असतानाचा. ५० अंशांच्या आसपास, म्हणजे कण न फुगवता, आम्ल साखळ्या जागोजागी तोडतं. खळ पातळ राहत असल्याने त्याच भांड्यात कितीतरी जास्त स्टार्च शिजवता येतो. गार होताना या आखूड साखळ्या झटपट जुळतात आणि जेली कडक बसते. चघळायच्या जेलीच्या गोळ्यांना म्हणूनच हा स्टार्च लागतो. दाट ग्रेव्हीसाठी तो निरुपयोगी.

प्रश्न : ‘मॉडिफाइड’ म्हणजे जनुकीय बदल केलेला मका का?

उत्तर : नाही. इथे बदल स्टार्चमध्ये केलेला असतो. मका कोणत्या वाणाचा, हे या शब्दावरून कळत नाही.