कस्टम बाईक पार्टसाठी मशीन शॉपला सगळे पैसे आधी द्यायचे काय?

प्रश्न विचारणाऱ्यांनी लिहिलंय की यामाहा आरएक्स हंड्रेडला रिअरसेट (मागं सरकवलेले) फूटरेस्ट बनवून घ्यायचेत, वर्कशॉपवाला साडेसहा हजार सांगतोय आणि सगळे आधी मागतोय. आणि खाली जोडलंय, "मटेरियल तर हजाराचं पण नसेल, ही लूट नाही काय?" मी उत्तर लिहिणार नव्हतो, खरं ते मटेरियलचं वाक्य वाचलो आणि हातातला चहा गार झाला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत असतो, माझं पण मशीन शॉपच. दोन लेथ, एक सेकंडहँड व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं कटिंगचं मशीन), मी, माझा मेव्हणा आणि एक पोरगा, एवढाच कारभार. पोटापाण्याचं काम म्हणजे हायड्रॉलिकवाल्यांचं जॉबवर्क. बाईकचं काम हौसेपोटी घेतो, म्हणजे घ्यायचो, आता विचार करून घेतो. त्याचं कारण एक टी आहे, म्हणजे हँडलखाली पुढच्या फोर्कचे दोन्ही पाईप धरणारी पट्टी.

तीन-चार वर्षं झाली असतील, टिळकवाडीचा एक जण आला. जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट, एकदम जपलेली, आणि तिला दुसऱ्या कुठल्यातरी बाईकचा यूएसडी फोर्क (उलटा, जाड पाईप वर असणारा) बसवून चोर्ला घाटातून गोव्याला जायचं होतं. फोर्क बदलला की वरची टी, खालची टी दोन्ही नवीन, स्टेम म्हणजे मधला दांडा बुलेटच्या फ्रेममधल्या बेअरिंगला बसला पाहिजे आणि बाजूचे बोअर, म्हणजे भोकं, नव्या फोर्कला. फोर्क कुठाय विचारलो तर म्हणे शहापूरला मेकॅनिककडं आहे. त्यानं खिशातनं एक लग्नपत्रिका काढली, तिच्या पाठीमागं बॉलपेननं चित्र, दोन्ही टीला बाण आणि बाणावर लिहिलंय 54 एमएम. बस. "फोर्क आणून द्या की," म्हटलो. "अहो मी स्वतः व्हर्नियरनं मोजलोय, डोळे झाकून मारा."

मारलो. तिथंच चुकलं, खरं ते पुढं येईल.

आता हिशेब बघा, कारण सगळं भांडण इथंच आहे. दोन्ही टीसाठी ॲल्युमिनियमचे ठोकळे चार किलोच्या आसपास, त्यावेळच्या भावानं 1,800 रुपये. त्यातनं हातात येतो सव्वा किलोचा माल, बाकी सगळा बुर, पोत्यात भरून भंगारवाल्याला. व्हीएमसीवर अकरा तास, तासाला 450 धरलो तर 4,950. कॅम प्रोग्राम, म्हणजे मशीननं कसं कापायचं ते, मी बाहेरनं करून घेतो, 1,500. स्टेम ईएन 24 स्टीलचा, लेथवर, धातू धरून 1,100. झाले 9,350, मी 9,300 सांगितलो. तो हसला आणि म्हटला, "अठराशेचं ॲल्युमिनियम, आणि नऊ हजार?" तुमच्या प्रश्नातलं वाक्य हेच, फक्त आकडा वेगळा.

अहो ते अकरा तास तरी नुसते कटिंगचे आहेत काय? ठोकळा व्हाईसमध्ये धरायचा, डायल लावून सरळ करायचा, एका बाजूचं झालं की उलटा करायचा, परत डायल, मधला बोअर आणि बाजूचे बोअर एकमेकाला समांतर आले नाहीत तर हँडल आयुष्यभर एका बाजूला ओढतंय. एक नग करा नाहीतर पन्नास करा, प्रोग्राम तेवढाच आणि पहिलं सेटिंग तेवढंच, फक्त पन्नासला ते वाटून जातंय आणि तुमचा एकच नग असला की सगळं तुमच्याच डोक्यावर. कंपनीनं केलेला फूटरेस्ट दुकानात स्वस्त मिळतो तो याच्यामुळं, आम्ही लुटतो म्हणून नव्हे. (तुमच्या ग्रुपमध्ये आणखी चार आरएक्सवाले गोळा करा आणि पाच सेट एकदम टाका, मग बघा तोच माणूस किती खाली येतोय.)

तर त्यानं 2,000 ॲडव्हान्स दिले. म्हणजे धातूचे पैसे सुटले आणि वर चहाला दोनशे.

आठ दिवसांनी माल घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभा. खालची टी एकदम मस्त बसली, वरची टी फोर्कवर खुळखुळ वाजतेय. तेव्हा कुठं फोर्क सोबत आणला होता. मी मायक्रोमीटर लावलो, खाली 54 बरोबर, वर 51 ला पण थोडं कमी. यूएसडी फोर्कचा बाहेरचा पाईप वर आणि खाली एकाच मापाचा असेलच असं नाही, बऱ्याच फोर्कना वर बारीक असतोय. यानं खालचं माप घेतलं आणि वरच्या टीला पण तोच बाण काढला. तीन एमएमचा फरक, टी पाईपवर आवळायचा पिंच बोल्ट किती पण आवळा, मिटणार आहे काय?

मग तो काय म्हटला ऐका. "कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी कापून गुंडाळून बसवा की." समोरच्या चाकाचा खेळ आहे, चोर्ल्याची वळणं आहेत, आणि कॅनची पट्टी! मी नाही म्हटलो. मग म्हणे, "तर वरची टी फुकट परत करून द्या, तुम्ही मशीनवाले, तुम्हाला कळायला पाहिजे होतं." मी पत्रिका काढून दाखवलो, बाण दाखवलो. त्याचा आवाज चढला, माझा चढला, पलीकडच्या शेडमधली पोरं बघायला आली. शेवटी नवीन टीचा खर्च निम्मा तुमचा निम्मा माझा इथपर्यंत मी आलो. तो विचार करतो म्हटला, 3,000 फोनवरनं पाठवले, खालची टी आणि स्टेम "मेकॅनिकला दाखवून आणतो" म्हणून घेऊन गेला. राहिले 4,300. फोन केलं की उद्या, परवा, खंडेनवमी झाली की. आमच्याकडं दारावर "नाळे बा" (कानडीत उद्या ये) लिहायचे, भुतानं वाचून उद्या यावं म्हणून, तसं मला भूत करून ठेवलं त्यानं. पुढं ती बुलेट काँग्रेस रोडवर बघितलो, फोर्क तोच, वरची टी कुणी केली देव जाणे.

माझी टी इथंच आहे. टपरीवरचा चहाचा ग्लास तिच्या 54 च्या बोअरमध्ये अर्धा उतरून घट्ट बसतोय, कॅनची पट्टी लागत नाही. दोन बोअर, दोन ग्लास.

आता तुमचं. सगळे पैसे आधी देऊ नका. निम्मे द्या आणि उरलेले वर्कशॉपमध्येच, बाईक उभी करून, पार्ट बसवून बघून द्या. घरी नेऊन दाखवतो, मेकॅनिकला विचारतो, हे चालवून घेऊ नये असं मी माझ्या लोकांना सांगतो, तुम्हाला पण तेच. हजार-दीड हजाराचं काम असलं तर सगळे आधी दिलात तरी काय आभाळ कोसळत नाही. खरं निम्मे पण जड वाटत असतील तर कस्टमच्या नादाला लागू नका.

आणि तो आधी का मागतोय ते पण समजून घ्या. तुमच्या सिलिंडरला बोअरिंग केलो आणि तुम्ही पैसे दिला नाही तर सिलिंडर माझ्याकडं राहतोय, तो ठेवून घ्यायचा मला हक्क आहे, 1872 च्या करार कायद्याचं कलम 170, एका वकील गिऱ्हाईकानं दाखवलं, त्यात उदाहरणच हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याचं दिलंय, मजुरी मिळेपर्यंत हिरा त्याच्याकडं. खरं तुमचा रिअरसेट मी माझ्या धातूतनं केलो आणि तुम्ही न्यायलाच आला नाही तर मी त्याचं काय करू? जगात दुसऱ्या कुणाच्या बाईकला तो बसत नाही. बुरच्या भावानं जातोय. आणि ज्या कंपन्यांचं काम आम्ही करतो त्यांना लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा आहे, ते येतात तीन महिन्यांनी. मग हप्ता कुठनं भरायचा? तुमच्या ॲडव्हान्समधनं.

पैशापेक्षा माप कुणाचं ते आधी ठरवा. व्हॉट्सॲपवर दोन ओळी: माप गिऱ्हाईकानं दिलं की शॉपनं घेतलं, बसलं नाही तर दुसऱ्या नगाचे पैसे कुणाचे. तुम्ही झिजलेला जुना पार्ट देऊन सेम टू सेम म्हटलात तर झिजलेलाच नवीन पार्ट मिळणार, मग ओरडायचं नाही.

हां, हे सगळं मशीनवाल्याच्या बाजूनं झालं, माहीत आहे. ड्रॉइंग पण शॉपनं केलं आणि माप पण शॉपनं घेतलं तर चूक शंभर टक्के त्यांची, एक रुपया जास्त देऊ नका. काही जण ॲडव्हान्स खाऊन सहा महिने फिरवतात, ते पण आहेत, आमच्याच भागात आहेत. म्हणून आधी केलेला एखादा पार्ट हातात घेऊन बघा, कडा बोटाला लागतात काय बघा, कडा न मारता माल देणारा आत काय करत असेल. आणि फूटरेस्टचं ठीक आहे, खरं पुढची टी, चिमटा (मागचं चाक धरणारा), ब्रेकचं काही असलं तर वाट्टेल त्याच्याकडनं करून घेऊ नका. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, आरसी बुकात लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असला बदल चालत नाही. हे मी त्या टिळकवाडीवाल्याला सांगायला विसरलो होतो, कबूल.

मेव्हणा मागं उभा राहून वाचतोय. त्याचं त्या दिवसापासून एकच, फोर्क हातात आल्याशिवाय ठोकळा कापायचा नव्हता, कागदावरचं माप हे माप नव्हे. माझं म्हणणं गिऱ्हाईकानं लिहून दिलं म्हणजे त्याची जबाबदारी. "चूक तुझी पण होती हे लिही," म्हणतोय. लिहिलो. आता ते 4,300 मागायला कोण जाणार ते पण सांग म्हटलो, तर टीतले दोन्ही ग्लास उचलून चहा सांगायला गेला.