हॉट डेस्किंग : टेबलं किती, लॉकर किती?

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या ऑफिसात ६० जण आहेत. आठवड्यातले दोन-तीन दिवस बरेच जण घरून काम करतात. ठरलेल्या जागा बंद करून हॉट डेस्किंग, म्हणजे येईल त्याने त्या दिवशी मोकळ्या टेबलावर बसायची पद्धत, आणायचं आहे. टेबलं किती ठेवावीत?

उत्तर : आधी कायमची जागा लागणारे बाजूला काढा. रिसेप्शन, व्हाउचर आणि चेकबुकं सांभाळणारे अकाउंट्सवाले, आणि अपंगत्वामुळे खास खुर्ची-टेबल लागणारे सहकारी. समजा असे ६ निघाले. उरलेल्या ५४ जणांची मागच्या सहा आठवड्यांची हजेरी पंचिंग मशीनमधून काढा. गणपती-दिवाळीचे आठवडे त्यात धरू नका. सरासरीवर अजिबात जाऊ नका. सरासरी ३० आणि मंगळवारी ४० असतील, तर ३०च्या हिशेबाने दर मंगळवारी दहा जण लॅपटॉप घेऊन कॅन्टीनमध्ये बसतील, आणि ही पद्धत महिन्याभरात बदनाम होईल. ४० वर दहा टक्के जास्त धरून ४४, अधिक कायमची ६, म्हणजे ५० टेबलं. वाचलेल्या दहा टेबलांच्या जागेत फोनवर बोलायला दोन-तीन बंद खोल्या करा. सगळी जागा भाड्यात वाचवायला निघालात तर दिवसभर कॉल्सचा गलका ऐकावा लागेल.

लॉकर मात्र टेबलामागे नव्हे, माणसामागे एक : ५४ म्हणजे ५४. रुंदी ३० सेंटिमीटर, उंची आणि खोली ४५ ठेवली की हेल्मेट आणि डबा दोन्ही मावतात. लॉकर आले की टेबलाखालचे ड्रॉवर त्याच दिवशी हलवा. ज्याच्या ड्रॉवरला कुलूप, त्याचंच ते टेबल होऊन बसतं. लॉस एंजेलिसच्या शायट/डे या जाहिरात कंपनीने १९९०च्या दशकात ठरलेल्या जागा काढून टाकल्या आणि लॅपटॉप-फोन रोज सकाळी काउंटरवरून द्यायला सुरुवात केली. ते पुरेनात, आणि कागदपत्रं ठेवायला जागा नाही म्हणून लोक गाडीच्या डिकीचा आधार घेऊ लागले. काही वर्षांतच प्रयोग गुंडाळावा लागला.

टेबलं अगदी एकसारखी हवीत. एकाच यूएसबी-सी केबलने चित्र आणि चार्जिंग दोन्ही देणारा मॉनिटर घ्या, किमान ६५ वॉट चार्जिंगचा. ४५ वॉटच्या मॉनिटरवर जड काम करणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी केबल जोडलेली असतानाही उतरत जाते, आणि दुपारी चारला ‘मॉनिटर बिघडला’ म्हणून आयटीला फोन येतो. जुन्या लॅपटॉपसाठी एचडीएमआय केबल आणि टेबलावरच दोन प्लग पॉइंट द्या. केबली टायने टेबलाला बांधा, नाहीतर आठवड्यात निम्म्या गायब होतील.

प्रश्न : आमच्याकडे बुक केलेली टेबलं रिकामी राहतात, आणि काही जण आठलाच येऊन खिडकीजवळची जागा अडवतात. काय करावं?

उत्तर : बुकिंगच्या वेळेनंतर अर्ध्या तासात टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन झाला नाही, तर जागा आपोआप मोकळी होऊ द्या. बुकिंग फार तर सात दिवस आधी उघडा. प्रत्येक टीमला तिचा टेबलांचा पट्टा ठरवून द्या आणि मोकळं बसणं त्या पट्ट्यातच ठेवा; विखुरलेल्या टीममध्ये नव्या माणसाला शंका विचारायला शेजारी कुणी सापडत नाही. मॅनेजरांच्या केबिनही याच नियमात आणा. साहेबांची खुर्ची कायम राहिली की बाकीचेही आपापली धरून बसतात.

आगीच्या वेळी मोजदाद मात्र बुकिंगच्या यादीवरून करू नका. बुकिंग करून न आलेले आणि न करता येऊन बसलेले, दोघंही तीत चुकतात. दारावरच्या पंचिंगची यादी वापरा.