क्रायसिस आणि इंटरकल्चरल कम्युनिकेशनचे, म्हणजे संकटातल्या आणि वेगवेगळ्या संस्कृतींमधल्या संवादाचे, प्राध्यापक नेमकं काय करतात? हा सगळा कॉमन सेन्सच नाही का?

कॉमन सेन्सने भागत असतं, तर २५ जानेवारी १९९० ला आव्हियांका ५२ हे कोलंबियाचं प्रवासी विमान पडलं नसतं.

बोगोटाहून मेदेयीनमार्गे न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग ७०७. खराब हवेमुळे तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या. उतरायचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टन सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगतो, इमर्जन्सी आहे म्हणून कळव. सहवैमानिक जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलरला आधी दिशा कळवतो, मग पुन्हा प्रयत्न करतो म्हणतो आणि शेपटाला जोडतो, इंधन संपत आलंय. 'इमर्जन्सी' नाही, 'मेडे' हा रेडिओवरचा संकटाचा ठरलेला शब्द नाही. इंधन संपून विमान न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले.

प्राध्यापक अशा संभाषणाची वाक्यं सुटी करून बघतो: कोण कोणाला बोललं, महत्त्वाची गोष्ट कितवी आली, समोरच्याने कशाला उत्तर दिलं. इथे आपले काही विद्वान लगेच डच समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेडचा पॉवर डिस्टन्स (वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर) काढतात, 'त्यांची संस्कृतीच वरिष्ठांपुढे गप्प बसायची'. आळशीपणा आहे हा. वरिष्ठानेच तर सांग म्हटलं होतं! उपाय पुढे निघाला तो ठरीव शब्दांचा: आता 'मिनिमम फ्युएल' (यापुढे जास्त उशीर चालणार नाही), आणि त्याहून वाईट वेळ आली तर 'मेडे मेडे मेडे फ्युएल'.

संकटात वेगवेगळ्या भाषांच्या लोकांसाठी काढायच्या सूचनेचंही तेच, साचा ठरलेला हवा. काय झालं, तुम्ही आत्ता काय करायचं, काय अजून कळलेलं नाही, पुढची माहिती किती वाजता. पहिल्या सूचनेत एवढंच. एका वाक्यात एकच कृती. भाषांतर झालं की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट मूळ भाषेत करून घ्या. अर्थ सरकला असेल तर भाषांतरकाराला झापण्याआधी मूळ वाक्य तपासा, बहुतेकदा तेच मोघम असतं. म्हणूनच 'आधी प्रेस नोट फायनल होऊ दे, भाषांतराचं मग बघू' म्हणणाऱ्या जनसंपर्कवाल्यांशी माझं कधी पटलं नाही. फायनल झालेली नोट कोणी बदलू देत नाही. शेवटी त्या भाषेच्या चार-पाच जणांना वाचायला द्या आणि 'समजलं का?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'आता तुम्ही काय कराल?' असं विचारा.

आता, माफी किंवा शोकसंदेश असा साच्यातून काढता येत नाही. तो कोणी द्यायचा, कुटुंबात आधी कोणाला सांगायचं, हे समाजागणिक बदलतं. आणि आव्हियांकाचा सहवैमानिक कंट्रोलरपुढे बिचकला असेल, हे मी नाकारत नाही.