भाषण एकाचं, टाळ्या दुसऱ्याला

प्रश्न: संपादकसाहेब, शिवाजी पेठेतल्या एका साहेबांची भाषणं मी लिहून देतो, बिंदू चौकात टाळ्या पडतात त्यांना आणि आम्ही मागं पाण्याच्या बाटल्या धरून उभं. ह्यात करिअर होतं का ओ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: होतं की! पण नावाची हौस असंल तर अवघड आहे बघा. अमेरिकेत टेड सोरेनसन म्हणून तुमच्यासारखाच भाषणं लिहिणारा होता, नेब्रास्कातला वकील गडी, १९५३ ला २४ वर्षांचा असताना सिनेटर जॉन केनेडींच्या, म्हणजे पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्यांच्या, ऑफिसात लागला, मग दोघं राज्याराज्यांतनं सभा करत हिंडले आणि त्यातनं केनेडी कुठं थांबतात, कशावर हसतात हे त्याला पाठ झालं, खरी कमाई हीच. १९६१ ला केनेडींच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीच्या भाषणाआधी त्यानं लिंकनचं गेटिसबर्गचं गाजलेलं भाषण तपासलं, तर सगळे छोटे छोटे शब्द. मग ह्यांचंबी १४ मिनिटांत आटोपलं, आपल्याकडं तेवढ्यात हारतुरे तरी होतात का? त्यातलं ‘देश तुमच्यासाठी काय करंल ते विचारू नका, तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा’ हे गाजलेलं वाक्य कुणाचं म्हणून लोकांनी जन्मभर विचारलं, गड्यानं श्रेय केनेडींनाच दिलं.

नुसता लेखनिक नव्हता तो, सल्लागार पण. १९६२ ला क्यूबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरनं अणुयुद्धाचा पेच पडला, तेव्हा सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला गेलेल्या पत्राचा मसुदा त्यानं आणि केनेडींचे भाऊ रॉबर्ट ह्यांनी केला, तिथं एक शब्द चुकला असता तर विषयच संपला. केनेडींचा खून झाल्यावर १९६४ ला व्हाइट हाउस सोडलं आणि नंतर न्यूयॉर्कात वकिली.

तुम्ही साहेबांच्या गाडीत बसून हिंडा, लिहिलेलं मोठ्यानं वाचा, दम लागला की वाक्य तोडा. आणि मानधन इलेक्शनच्या आधी ठरवा, निकालानंतर फोन उचलत नाहीत.